मागचा पडदा हलत नाही : माझ्या मायट्रल झडपेच्या दुरुस्तीचा अनुभव

ऑपरेशनला परवा एक वर्ष झालं. लिहू लिहू म्हणत राहूनच जात होतं, पण काल वर्षाचा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि म्हटलं आता बसूच. टाके कसे सांभाळायचे, उशी छातीशी धरून कसं खोकायचं हे सांगणारे खूप जण भेटतात. पण दुरुस्तीनंतर ती झडप हलते कशी, पहिल्यासारखी हलते का, आणि नसेल हलत तर घाबरायचं का, हे मला कुणी धड सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी रिपोर्टात 'मागच्या पडद्याची हालचाल खूपच कमी' अशी ओळ वाचली आणि ती आख्खी रात्र जागून काढली. तशी रात्र अजून कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितेय.

मी ४९ वर्षांची. माझ्या मायट्रल झडपेला प्रोलॅप्स आहे (झडप मिटताना पडदा वरच्या कप्प्याकडे फुगतो) हे अकरा वर्षांपासून माहीत होतं, दरवर्षी इको करायचा, 'थोडं लीक आहे, पुढच्या वर्षी या' ऐकायचं आणि विसरून जायचं असं चाललेलं. ऑपरेशनच्या आधीच्या डिसेंबरात दोन जिने चढले की थांबावं लागायला लागलं. वय झालं, वजन वाढलं, अशी कारणं मी स्वतःलाच पुरवत होते. डाव्या कुशीवर झोपलं की छातीत काहीतरी फडफडतंय असं वाटायचं, म्हणून उजव्या कुशीवर झोपायला लागले. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. शरीर एवढं स्पष्ट बोलत होतं आणि मी कूस बदलत होते.

९ जानेवारीला इको झाला. टेक्निशियन एरवी गप्पा मारणारी, ती एकदम गप्प झाली आणि तेच तेच चित्र परत परत घ्यायला लागली, तेव्हाच कळलं. लीक सीव्हिअर. मागच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या दोऱ्या तुटलेल्या.

इथे थोडं झडपेबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मायट्रल झडप हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे असते. तिला दोन पडदे. पुढचा उंच, शिडासारखा. मागचा उंचीला कमी पण कडेने लांबवर पसरलेला, त्याचे तीन भाग, डॉक्टर त्यांना पी-वन, पी-टू, पी-थ्री म्हणतात. दोन्ही पडद्यांना खालून बारीक दोऱ्या, त्या खालच्या कप्प्यातल्या दोन स्नायूंना बांधलेल्या, म्हणजे हृदय आवळलं तरी पडदे वर उलटायला नकोत. आणि हे सगळं ज्या कड्यावर बसलंय ते कडं काही साधं गोल आणि सपाट नसतं, घोड्याच्या खोगिरासारखं दोन बाजूंनी उचललेलं असतं आणि प्रत्येक ठोक्याला स्वतःही थोडं आवळतं. मला वाटायचं फक्त पडदे हलतात. तर नाही, चौकट पण हलते! दिवसाला साधारण एक लाख वेळा.

माझ्या पी-टूच्या दोऱ्या तुटल्यामुळे तो तुकडा ठोक्यागणिक वरच्या कप्प्यात उलटत होता. आणि इतक्या वर्षांच्या लीकमुळे कडं ताणून मोठं झालेलं.

रिपोर्टात ईएफ, म्हणजे खालचा कप्पा ठोक्यागणिक त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, ६१ होता, मी म्हटलं हा तर चांगलाच आहे की. कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, "तुमच्या बाबतीत ६१ म्हणजे काठावर. हृदयाला अर्धं काम सोपं झालंय, रक्त पुढे ढकलायच्या ऐवजी मागे सोडून देतंय, म्हणून आकडा छान दिसतो." आवळलेल्या अवस्थेत खालच्या कप्प्याचं माप ४१ मिमी होतं. एवढ्या लीकमध्ये ईएफ ६० किंवा खाली किंवा हे माप ४० मिमी किंवा वर गेलं की त्रास नसला तरी थांबत नाहीत, असं त्यांनी कागदावर लिहूनच दिलं. तो कागद पुढे विम्याला कामी आला, त्यामुळे टीप एक, डॉक्टर जे बोलतात ते शक्य असेल तर लिहून मागा.

१६ तारखेला नळी गिळून करायचा इको. सहा तास उपाशी, घशात सुन्न करणारा स्प्रे, दातांमधे प्लास्टिकचा ठोकळा, डाव्या कुशीवर. भीती वाटते तेवढं काही नसतं, नळी घशातून उतरताना दहा-पंधरा सेकंद नकोसं होतं एवढंच. गुंगीचं औषध देतात म्हणून बरोबर कुणीतरी हवं आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. नंतर डॉक्टरांनी थ्रीडी चित्र दाखवलं. वरच्या कप्प्यात उभं राहून खाली बघितल्यासारखी झडप दिसते, आणि तिच्या मागच्या कडेवर तो तुकडा फुगून वर येतोय, परत जातोय, वर येतोय. नवरा म्हणाला, "हे एवढंसं?" मला रडू आलं, त्याला वाटलं मी त्याच्या बोलण्यावर चिडले.

२२ जानेवारीला सर्जनची भेट. मी वहीत सतरा प्रश्न लिहून नेलेले. पहिलाच, बदलायची का दुरुस्त करायची. ते म्हणाले तुमची झडप दुरुस्तीला अगदी योग्य आहे, धातूची बसवली तर आयुष्यभर रक्त पातळ करायच्या गोळ्या, प्राण्याच्या पेशींची बसवली तर काही वर्षांनी ती झिजणार आणि तुमच्या वयाला परत ऑपरेशन येणार, शिवाय स्वतःच्या दोऱ्या शाबूत राहिल्या तर खालच्या कप्प्याची ताकद टिकायला मदत होते. मग त्यांनी दुरुस्तीत कड्यावर शिवतात तसली, टेबलावरची एक रिंग हातात दिली. कापडाने मढवलेली, इंग्रजी डी आडवा ठेवल्यासारखी, इतकी हलकी की हातात काही आहे असं वाटेना.

मी विचारलं, कडं जर ठोक्यागणिक आवळतं, तर ही रिंग शिवल्यावर त्याचं काय?

सर्जन हसले, म्हणाले हे सहसा कुणी विचारत नाही. रिंगा तीन तऱ्हेच्या असतात, कडक, अर्धवट कडक आणि लवचीक. काही पूर्ण गोलाच्या, काही नुसत्या मागच्या बाजूच्या पट्ट्या, कारण झडपेचा पुढचा भाग महाधमनीच्या बाजूला घट्ट पेशींचा असतो आणि कडं ताणतं ते मुख्यतः मागच्या, स्नायूच्या बाजूने. कडक रिंग बसवली की कडं जवळजवळ एका आकारात गोठतं, लवचीक रिंगमध्ये त्याची थोडी हालचाल उरते. "पण तुमचं कडं आत्ता तरी कुठे नीट हलतंय? ताणलेला इलॅस्टिक झालाय त्याचा. मी त्याला बंद होतानाच्या आकारात धरून ठेवणार, म्हणजे दोन पडद्यांना एकमेकांपर्यंत पोचता येईल." पडदे टोकाला टोक लावून भेटले तर चालत नाही, त्यांची कड एकमेकांवर चांगली सात-आठ मिमी तरी टेकायला हवी, दोन तळवे जोडल्यासारखी. थोडक्यात सौदा असा, हालचाल थोडी द्यायची आणि बंद होणं विकत घ्यायचं. माझ्या केसमध्ये त्यांना अर्धवट कडक आणि पूर्ण रिंग हवी होती.

मग कागदपत्रं. याचा वैताग ऑपरेशनपेक्षा जास्त होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. २७ जानेवारीला दातांचं सर्टिफिकेट, कारण दातातलं इन्फेक्शन रक्तातून नव्या रिंगवर जाऊन बसू शकतं. माझी एक दाढ किडलेली निघाली, ती काढून जखम भरेपर्यंत दहा दिवस गेले. तेव्हा दात आधी दाखवून घ्या, तारीख ठरायची वाट बघू नका. ८ फेब्रुवारीला अँजिओग्राफी, ब्लॉकेज असेल तर त्याच ऑपरेशनमध्ये बायपास करता यावा म्हणून. ती नॉर्मल आली, हायसं वाटलं.

विम्याची पूर्वमंजुरी पहिल्यांदा नाकारली गेली, कारण फॉर्मवर 'झडप दुरुस्ती' होतं आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात 'झडप बदल'. दोन्ही बरोबर होतं खरं तर, दुरुस्ती जमली नाही तर आतच निर्णय बदलावा लागतो म्हणून खर्च जास्तीचा धरलेला. पण हे फोनवर सात वेगवेगळ्या माणसांना सात वेळा सांगावं लागलं. सहा दिवस गेले त्यात, मंजुरी १८ फेब्रुवारीला संध्याकाळी आली आणि त्याच रात्री मला भरती व्हायचं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी 'दुरुस्ती, गरज पडल्यास बदल' असं एकाच पत्रावर लिहून घ्या आणि दोन्हींचा खर्च वेगवेगळा मांडून घ्या. रिंगची किंमत बिलात वेगळी लागते, पॉलिसीत इम्प्लांटला मर्यादा आहे का तेही आधीच बघा, आम्हाला काही रक्कम खिशातून भरावी लागली ती त्याच्यामुळेच.

२० फेब्रुवारी. सकाळी साडेसहाला नेलं. ताई बरोबर चालत होती, दाराशी तिने माझा चष्मा काढून घेतला आणि तिथून पुढचं सगळं मला धूसर आठवतं, ते औषधामुळे की चष्म्यामुळे देव जाणे. जे झालं ते नंतर ऑपरेशन नोट वाचून आणि सर्जनना विचारून कळलं. छातीचं हाड उघडून, हृदय-फुप्फुसाच्या मशीनवर घेऊन हृदय थांबवलं. मूळ बेत होता की काही कापायचं नाही, तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी गोअर-टेक्सच्या (कृत्रिम धाग्याच्या) नव्या दोऱ्या घालायच्या, त्याने मागच्या पडद्याची हालचाल बरीचशी टिकते. पण आत बघितल्यावर पी-टू फारच उंच आणि जाड निघाला. म्हणून त्याचा त्रिकोणी तुकडा काढून कडा जोडल्या आणि मग ३४ नंबरची रिंग. रिंगचं माप अंदाजाने घेत नाहीत, पुढच्या पडद्यावर मापाचे साचे ठेवून बघतात. मग खालच्या कप्प्यात सलाईन भरून बघायचं, गळतंय का. गळलं नाही.

पण हृदय परत चालू केल्यावर नळीच्या इकोमध्ये वेगळंच दिसलं. पुढचा पडदा बंद होताना पुढे ओढला जात होता आणि महाधमनीकडे जायच्या वाटेत आडवा येत होता. याला सॅम म्हणतात. नाव ऐकून मला एखादा शेजारचा मुलगा वाटला. रिंगमुळे आणि उंच मागच्या पडद्यामुळे दोघांची भेटायची रेष पुढे सरकते, त्यात हृदय रिकामं असेल आणि औषधांनी जोरात आवळत असेल तर पुढचा पडदा त्या प्रवाहात खेचला जातो. म्हणजे ज्या उपायाने मागची गळती थांबवली त्यानेच पुढची वाट अडवली! उपाय सोपा निघाला, जोर वाढवणारं औषध बंद केलं, रक्त आणि पाणी भरून हृदय फुगवलं, बीपी थोडं वर नेलं, आणि वीसेक मिनिटांत पडदा जागेवर आला. नसता आला तर परत मशीनवर घेऊन काम करावं लागलं असतं. बाहेर नवरा आणि ताई 'एवढा वेळ का' म्हणून जीव मुठीत धरून बसलेले, त्यांना एवढंच सांगितलं होतं की 'झडप बघतोय'.

आयसीयूचे तीन दिवस मी पटकन उरकते, कारण सांगण्यासारखं फार नाही आणि आठवायचंही नाही. तहान. घशातली नळी निघाल्यावर ओल्या कापसाने ओठ पुसणारी सिस्टर. श्वासाच्या व्यायामाच्या स्पायरोमीटरमधल्या तीन चेंडूंपैकी दुसरा उचलायला लागलेले दोन दिवस. तिसऱ्या रात्री नाडी अचानक १४० आणि वेडीवाकडी, सिस्टर म्हणाल्या ही बऱ्याच जणांना होते या ऑपरेशननंतर, ड्रिप लावली, दुसऱ्या दिवशी दुपारी बसली. पहिल्या शांत रात्री एक मात्र जाणवलं, छातीतली ती फडफड नव्हती. इतकी शांतता की मी घाबरून मॉनिटरकडे बघितलं.

वॉर्डात आल्यावर कॉरिडॉरमध्ये चालताना एक काका भेटायचे, ७६ वर्षांचे. त्यांची पण मायट्रल, पण छाती न उघडता जांघेतल्या शिरेतून जाऊन क्लिप लावलेली, तिसऱ्या दिवशी घरी निघाले, मला तर हेवाच वाटला. मी सर्जनना विचारलं मला का नाही क्लिप? ते म्हणाले तुमचा आणि त्यांचा आजारच उलटा आहे. फ्रान्सचे सर्जन कार्पेंतिए यांनी १९८३ मध्ये पडद्यांच्या हालचालीवरूनच लीकचे प्रकार मांडले (आडनावाचा अर्थ सुतार, यापेक्षा योग्य आडनाव असूच शकत नाही). पहिल्या प्रकारात हालचाल नॉर्मल पण कडं ताणलेलं, दुसऱ्यात हालचाल जास्त, तिसऱ्यात कमी. माझा दुसरा. काकांना जुना हार्ट अटॅक, हृदय फुगून दोऱ्या खाली ओढल्या गेलेल्या, पडदे चांगले पण त्यांना वर येऊन भेटताच येत नव्हतं, म्हणजे तिसरा. त्यात त्यांना मोठं ऑपरेशन झेपलं नसतं. क्लिप दोन पडद्यांना मधोमध चिमटीत धरते, कडेने दोन भोकं उरतात, वरून बघितलं तर इंग्रजी आठासारखं. मूळ कल्पना इटलीच्या अल्फिएरी यांच्या १९९१ च्या टाक्याची, क्लिप माणसात पहिल्यांदा लागली २००३ मध्ये. गळती कमी होते, पण मधला भाग कायमचा जखडला जातो आणि रक्त आत यायची वाट लहान होते. काकांना थोडं लीक उरलं होतं तरी दुसरी क्लिप लावली नव्हती, कारण वाट आणखी अरुंद झाली असती. काका म्हणाले, "गळकं घर चालेल, बंद घर नको." मी तेव्हा हसले आणि टाके दुखले.

आता ती २७ फेब्रुवारीची रात्र. दुपारी इको झाला, संध्याकाळी फाईल कॉटवर ठेवून गेले आणि मी वाचली. वाचायची नव्हती, पण कोण थांबतं. 'लीक नाही' हे वाचून पुढे गेले तर तीन ओळी. मागच्या पडद्याची हालचाल खूपच कमी. मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला सरासरी फरक, वाट अरुंद तर तो जास्त) ५. ईएफ ५०. मला वाटलं संपलं, पडदा शिवून टाकला यांनी, झडप अरुंद झाली, हृदय पण खराब झालं. रात्री अडीचला सिस्टरना विचारलं, त्या बिचाऱ्या म्हणाल्या सकाळी डॉक्टरच सांगतील.

सकाळी सर्जनने खुर्ची ओढली. पहिलं, मागचा पडदा. "दोन फळ्यांचं दार होतं तुमचं. आता एक फळी आणि एक चौकट. पुढचा पडदा उघडतो-मिटतो, मागचा उभा राहून त्याला टेकायला जागा देतो. आम्हाला हेच हवं होतं." तुकडा काढून रिंग बसवली की बहुतेकांचं असंच दिसतं, आणि मागचा पडदा बंद झडपेचा लहान हिस्सा झाकत असल्याने एकट्या पुढच्यावर झडप व्यवस्थित चालते. दुसरं, ग्रेडियंट. त्यांनी रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं, नाडी १०२. नाडी जलद असली की झडप उघडी राहायला वेळ कमी मिळतो, तेवढंच रक्त घाईने जातं, आकडा फुगतो. त्यात ऑपरेशननंतर रक्त कमी असतं, त्यानेही वाढतो. तिसरं, ईएफ. मागे सोडायची सोपी वाट बंद झाली, आता सगळं रक्त पुढेच ढकलावं लागतंय, म्हणून आधीचा फुगलेला आकडा उतरला. हे तिन्ही पाच मिनिटांत सांगून झालं. आदल्या संध्याकाळी कुणी सांगितलं असतं तर माझी झोप वाचली असती, पण ते जाऊ दे. तुम्ही मात्र ग्रेडियंट वाचताना शेजारी नाडी किती आहे ते बघाच, आणि दोन रिपोर्टांची तुलना करताना तर नक्कीच.

२८ ला घरी. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांट कार्ड मागून घ्या, आमचं द्यायचं राहिलं होतं, नवरा परत जाऊन घेऊन आला. त्यावर रिंगचा प्रकार, माप, सिरीयल नंबर असतो, पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच विचारतात. तीन महिने रक्त पातळ करायची गोळी, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) २ ते ३ च्या मधे ठेवायचा, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्त. रिंगच्या कापडावर शरीर स्वतःच्या पेशींचं अस्तर चढवतं, ते होईपर्यंत गुठळी धरायची भीती असते म्हणून ही गोळी. तीन महिने जड उचलायचं नाही. दातांचं रक्त येईल असं काहीही काम असेल तर आधी अँटिबायोटिक, हे आयुष्यभर. आणि कुणी सांगत नाही म्हणून सांगते, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विनाकारण रडू येतं. मला एकदा चपलेचा पट्टा लागत नाही म्हणून आलं.

२३ मे चा इको. नाडी ६८, ग्रेडियंट ३, ईएफ ५६. रक्ताची गोळी बंद. नाडी परत बिघडली नव्हती म्हणून तेव्हा थांबवता आली, काहींना पुढेही चालू ठेवतात. जून पासून चार जिने न थांबता, फक्त धावत चढले तर दम जरा लवकर लागतो. मी विचारलं रिंगमुळे का? डॉक्टर म्हणाले थोडं असू शकतं, श्रमात वाट मोठी व्हायला हवी तेव्हा कडं फारसं मोकळं होत नाही, पण तुमच्या आकड्यांवरून मला तरी हा व्यायामाचा अभावच जास्त दिसतो. वाईट वाटलं पण खरं होतं.

काल वर्षाचा. टेक्निशियन नवीन होती. मी म्हटलं स्क्रीन जरा माझ्याकडे वळवता का, तिने वळवली. पुढचा पडदा मोठा, ऐटीत उघडत होता, मिटत होता. मागे रिंगचे दोन पांढरे ठिपके आणि त्याला चिकटून एक छोटा स्थिर ठोंब. ती दोन-तीनदा प्रोब फिरवून तिथेच बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "मॅडम, मागचा पडदा हलत नाहीये हो तुमचा."

"हो," मी म्हटलं. "त्याला उभंच राहायला सांगितलंय. नाडी तेवढी लिहा शेजारी."